तिकीटघराचं गावकूस

आमच्यातलाच एकजण. पनवेलला राहतो, ठेकेदाराकडे रोजावर काम करतो. एका रविवारी बायको, म्हातारी आई आणि दोन पोरं घेऊन एसटीने निघाला. पोरांना जंगल बघायचं होतं. कुठल्या फाटकाशी तो उतरला ते नाव इथं लिहीत नाही, कारण गुन्हा त्या एकट्या फाटकाचा नाही. खिडकीवरचा दरफलक त्याने दोनदा वाचला. मोठ्यांचे एवढे, पोरांचे एवढे, कॅमेऱ्याचे एवढे. खिशात हात घालून पैसे मोजले. परतीची एसटी, पोरांचे वडापाव, म्हातारीची औषधं. हिशेब बसेना. मग पोरांकडे वळून म्हणाला, "आत काय नाय रे. नुसती झाडंच हायेत."

बाप खोटं बोलला. पाची जणांनी रस्त्याच्या कडेला बसून वडापाव खाल्ले आणि आल्या वाटेने परत गेली. कुणी त्यांना हाकललं नाही. कुणी जात विचारली नाही. खिडकीतला माणूस अदबीने बोलला. कागदावर बघायला गेलं तर काहीच घडलं नाही. तरी पाच माणसं सरकारच्या म्हणजे स्वतःच्या जमिनीच्या दारातून परत फिरली.

दोस्तहो, हे संपादकीय त्या दाराबद्दल आहे.

काहीजण म्हणतील, भुकेचे प्रश्न पडलेत, अत्याचार रोज चालू आहेत, आणि तुम्ही सहलीच्या तिकिटावर काय लिहीत बसलात? त्यांना आम्ही एवढंच सांगू की पनवेलहून महाडच्या एसटीत बसा. पळस्पे सुटलं की थोड्या वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसायला लागतो. त्याच्या पायथ्याशी १९६८ सालापासून पक्ष्यांचं अभयारण्य आहे आणि त्याच्या दाराशी प्रवेश शुल्काची खिडकी आहे. तोच रस्ता पुढे पेण, कोलाड, माणगाव करत महाडला जातो. तिथे चवदार तळं आहे. एकाच रस्त्यावर ही दोन ठिकाणं आहेत आणि दोन्हींचा प्रश्न एकच आहे. सार्वजनिक जागा म्हणजे कुणाची जागा?

हा शब्द आपल्याला कुणी ताटात वाढलेला नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोल्यांचा ठराव पास झाला. सरकारी पैशातून बांधलेली, सरकारी पैशावर चालणारी पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. तळ्यावर जायची मात्र कुणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. मग काय झालं ते पोरापोराला पाठ आहे. डोकी फुटली, तळ्याची 'शुद्धी' झाली. पण त्यापुढची गोष्ट आपण सभेत फारशी सांगत नाही, आणि आजच्या कामाची तीच आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचा ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये महाडच्या सवर्णांनी कोर्टातून मनाईहुकूम आणला. कोर्टात त्यांनी काय सांगितलं? अस्पृश्य वाईट आहेत म्हणून तळं देत नाही, असं नव्हे. त्यांनी सांगितलं, तळं सार्वजनिक नाहीच, खाजगी आहे. खटला दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला.

म्हणजे प्रस्थापितांना त्या काळीच कळलं होतं की माणसाला बाहेर ठेवायचा सोपा मार्ग त्याला शिवी देण्याचा नाही. जागाच बदलून टाकायची. जागेवरचा 'सार्वजनिक' हा शब्द पुसून टाकला की पुढचं आपोआप होतं.

पुढे संविधानाच्या १५व्या कलमात बाबासाहेबांच्या पिढीने विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि लोकांनी जमायच्या जागा एकेक करून नावानिशी लिहिल्या. ज्या सरकारी पैशावर चालतात त्या जागी धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कुणाला अडवायचं नाही. ही यादी भाषेच्या हौसेपोटी केलेली नाही. ज्या ज्या ठिकाणी आपल्याला अडवलं गेलं त्या ठिकाणांची ती यादी आहे.

आता खिडकी म्हणते, आम्ही कुठे जात विचारतो? तिकीट सगळ्यांना सारखं. आपलेही काही शिकलेले मित्र मान डोलावतात. भाव सारखा आहे हे खरं. पण खिसे सारखे आहेत का? महिन्याच्या एक तारखेला पगार बँकेत पडणाऱ्याला तिकीट म्हणजे चहाचे पैसे. नाक्यावर उभं राहून काम मिळेल की नाही याची वाट बघणाऱ्याला पाच माणसांचं तिकीट म्हणजे अर्ध्या दिवसाचा घाम. आणि नाक्यावर कोण उभं असतं, ठेकेदाराकडे कोण असतं, गटारात कोण उतरतं, हे कुणी सांगायला पाहिजे का? जात न विचारता जात गाळून घेणारी चाळणी म्हणजे पैसा. कायद्याच्या यादीत ही चाळणी नाही. कलमात धर्म आहे, जात आहे, लिंग आहे. खिसा नाही.

आणि चाळणीची भोकं बारीक होत चाललीत. आपल्याच वारशाचं बघा. कार्ल्याचं चैत्यगृह, कान्हेरीच्या लेण्या. ज्या धम्माकडे आपण १९५६ साली परत गेलो त्याच्या भिक्खूंची ही घरं. पुरातत्त्व खात्याचं तिथलं तिकीट एप्रिल २०१६ पर्यंत ५ रुपये होतं. मग १५ झालं. ऑगस्ट २०१८ मध्ये २५ झालं. अडीच वर्षांत पाचपट. कुणाची मजुरी त्या अडीच वर्षांत पाचपट झाली? त्यात आणखी गंमत अशी की रोख न देता ऑनलाइन भरलं तर ५ रुपये सूट. म्हणजे ज्याच्या हातात भारी मोबाईल त्याला स्वस्त, ज्याच्या हातात चुरगळलेली नोट त्याला महाग. कान्हेरीला तर दोन फाटकं. आधी राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट, मग लेण्यांचं. पंधरा वर्षांखालच्या पोरांना लेण्यांवर तिकीट नाही, हे बरं आहे. पण पोरगं एकटं जाईल कसं? त्याला नेणाऱ्या आईचं तिकीट आहेच.

जंगलाचं तर त्याहून उफराटं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं २७वं आणि २८वं कलम वाचा. अभयारण्यात कुणी शिरायचं ते त्यात लिहिलंय. सरकारी नोकर कामावर असेल तर जाऊ शकतो. आत ज्याची स्थावर मालमत्ता आहे तो जाऊ शकतो. अभयारण्यातून जाणाऱ्या हमरस्त्यावरून जो जातो त्यालाही अडवायचं नाही. बाकीच्यांनी परवाना काढायचा, ठरलेली फी भरायची. आता कर्नाळ्याला उभे राहून हा कायदा बघा. मुंबई–गोवा महामार्ग तिथल्या रानातून जातो. भोंगा वाजवत, धूर सोडत जाणाऱ्या गाडीला पक्ष्यांच्या घरातून जायला परवाना लागत नाही. पायी चालत शिरणाऱ्याने परवाना काढायचा. आणि आत ज्याची मालमत्ता आहे तो मोकळा म्हणता, तर ज्या कातकऱ्याच्या नावावर झोपडीखालची जमीनही नाही, त्याचं काय? पिढ्यान्‌पिढ्या रान त्याच्या पायाखालचं, पण सातबारा नसला की तो 'बाकीचा'. २००६ साली वनहक्क कायदा आला, तो अभयारण्यालाही लागू आहे. पण हक्क मागायचा तर दावा पाहिजे, पुरावा पाहिजे, कचेरीच्या खेपा पाहिजेत. फाटक बांधायला एवढं काही लागत नाही.

जंगलाची फी ही काही आजची टूम नाही. इंग्रजाने रानाला 'राखीव' म्हटलं आणि गवताला, लाकडाला, गुरांच्या चराईला हुकूम लावले. आपल्या शेजारी उरणच्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० ला आगरी-कातकरी माणसं कोयते घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर गेली ती त्यासाठीच. गोळीबार झाला. त्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी आहे. दरवर्षी त्याच्या नावाने भाषणं होतात, हार पडतात. त्याच्या जातभाईंना रान कितपत मोकळं झालं, हे हार घालणाऱ्यांनी एकदा पाड्यावर जाऊन विचारावं.

आता दुसरी बाजू. ती टाळून लिहिलं तर हे संपादकीय नसून पोस्टर होईल.

फीच्या बाजूचे म्हणतात, पैसा नसला तर झाडू कोण मारणार? संडास कोण धुणार? पायवाट कोण बांधणार? पावसाळ्यात धबधब्याखाली बाटल्यांच्या काचा पडतात, प्लॅस्टिकचे ढीग होतात, ते कोण उचलणार? प्रश्न खरा आहे. आणि त्याचं उत्तर आपल्याला इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण तो झाडू शेवटी आपल्याच हातात येतो. बाटली फोडणारा गाडीत बसून निघून जातो, काच आपली बाई उचलते. तेव्हा सफाईला पैसा लागतो, सफाई करणाऱ्याला पुरती मजुरी लागते, पाड्यातल्या पोरांना वाटाड्याचं, राखणीचं काम मिळालं पाहिजे, हे सगळं मान्य. आमची भांडणं दोन आहेत. पैसा कुणाकडून घेता? आणि घेतलेला पैसा जातो कुठे?

दुसरा प्रश्न आधी घेऊ. घारापुरी घ्या. आपल्या रायगड जिल्ह्यातलं, उरण तालुक्यातलं बेट. १९८७ साली तिथल्या लेण्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. तिथे जायचं तर आधी बोटीचं भाडं, मग ग्रामपंचायतीचा पर्यटन कर, मग लेण्यांचं तिकीट. वर्षानुवर्षं जगभरची माणसं पैसे मोजून तो धक्का चढली. आणि त्या बेटावरच्या राजबंदर, शेतबंदर, मोरबंदर या तीन वस्त्यांत समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज कधी पोचली? फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर. समोर मुंबई दिव्यांनी लखलखतेय आणि इकडे तिकीटवाल्या बेटावर पोरं चिमणीखाली अभ्यास करतायत. ३१ वर्षं जागतिक वारसा, ३१ वर्षं अंधार. लेण्यांच्या तिकिटाचा पैसा केंद्राच्या तिजोरीत जातो, गावाच्या कंदिलात नाही. तेव्हा 'फी घेतली की त्या जागेचं भलं होतं' हे वाक्य यापुढे कुणी तोंडावर फेकलं तर त्याला घारापुरीचा धक्का दाखवा.

आता पहिला प्रश्न. पैसा कुणाकडून? पुण्याजवळ सिंहगडावर वनखातं गाड्यांकडून शुल्क घेतं. दुचाकीला एक दर, चारचाकीला एक. त्याचं नाव आहे 'उपद्रव शुल्क'. सरकारी कागदावर इतका प्रामाणिक शब्द क्वचित सापडतो. उपद्रव करतं कोण, तर चाक. धूर त्याचा, भोंगा त्याचा, रस्ता त्याच्यासाठी, वाहनतळ त्याच्यासाठी. पायवाटेने चढून जाणाऱ्याकडून हे शुल्क नाही. त्या समितीचे हिशेब कसे असतात ते आम्ही इथं तपासत नाही. आम्ही तत्त्व उचलतोय. ज्याचा उपद्रव त्याचा पैसा. पाय उपद्रव करत नाही.

हे तत्त्व सातासमुद्रापलीकडेही कोर्टात लढवलं गेलंय. ज्या अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं, तिथलीच गोष्ट. तिथल्या शेनन्डोआ राष्ट्रीय उद्यानात १९३९ साली काळ्या माणसांसाठी तंबूचा तळ वेगळा काढला होता. लुईस माउंटन. उद्यान राष्ट्राचं, पण काळ्याने आपल्या कोपऱ्यात झोपायचं. आपल्या वेगळ्या पाणवठ्याचाच तो भाऊ. १९५० पर्यंत ती पाटी गेली. पण १९९६ पासून तिथल्या सार्वजनिक जमिनींवर फीचे प्रयोग सुरू झाले आणि २००४ साली त्याचा कायदा झाला. सोयी केलेल्या तंबूच्या तळाला फी, बोटी पाण्यात उतरवायच्या बांधीव धक्क्याला फी. पण त्याच कायद्यात लोकांच्या रेट्याने एक अट घातली गेली. नुसतं गाडी लावून जंगलात पायी चालायला गेलेल्याकडून, कुठलीही सोय न वापरणाऱ्याकडून, पैसे घ्यायचे नाहीत. वनखातं तरी पैसे घेत राहिलं. चौघे चालणारे कोर्टात गेले आणि २०१२ साली अपील कोर्टाने खात्याला सांगितलं, कायद्यात हे बसत नाही. भांडवलशाहीच्या माहेरी हे होतं. मग समाजवादी शब्द संविधानात लिहिलेल्या आपल्या देशात पाय मोकळा का नाही?

आपलं सरकारसुद्धा हे करू शकतं. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा बघा. अर्जाला १० रुपये फी, पण दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. म्हणजे गरिबाला वगळून फी कशी घ्यायची हे व्यवस्थेला चांगलं कळतं. प्रश्न विचारणाऱ्या गरिबाला जी सूट मिळते ती जंगल बघणाऱ्या गरिबाला मिळू नये, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

तेव्हा आमचं म्हणणं असं.

एक. चालत किंवा एसटीने आलेल्या माणसाला सार्वजनिक जंगल, तळं, किल्ला, लेणी यांत शिरायला पैसे पडता कामा नयेत. शुल्क गाडीला लावा, तंबू ठोकून धंदा करणाऱ्याला लावा, मोटारबोट घेऊन येणाऱ्याला लावा. कोळ्याच्या होडीला धक्का मोकळा ठेवा.

दोन. जवळच्या पाड्यातल्या, गावातल्या माणसाला दाराशी पावती विचारायची नाही. तो पाहुणा नाही.

तीन. पिण्याचं पाणी आणि संडास फाटकाच्या आत असो वा बाहेर, फुकट.

चार. दर महिन्याला किती जमले, किती खर्च झाले, कुणाला मजुरी किती दिली, हे खिडकीशेजारी मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा. दरफलक लावायला जागा असते तर हिशेबाचा फलक लावायलाही असते.

आणि पाचवी गोष्ट सरकारला नाही, आपल्याला. ही पावतीपुस्तकं हळूहळू समित्यांच्या, ठेकेदारांच्या हातात जातायत. त्या ठेक्यांमागे उद्या आपलेही काही कार्यकर्ते पळतील. काही पळतायतही. पार्किंगचा ठेका मिळाला की जय भीम घालून पावती फाडणार का? ज्या पोरांच्या आज्यांनी तळ्यावर मार खाल्ला त्या पोरांनी दुसऱ्या कुणाच्या म्हातारीला फाटकाशी थांबवायचं का? काम करा, मजुरी घ्या, हक्काने घ्या. पण दाराचे मालक होऊ नका. मालकी हातात आली की माणूस काय बोलायला लागतो हे महाडच्या कोर्टकागदात लिहून ठेवलंय.

पनवेलच्या पोरांना शेवटचं सांगायचं ते घरचंच आहे. आपल्या गावात तळी आहेत, वडाळे तलाव आहे. काठ सुशोभित होतात, दिवे लागतात, बाकं येतात. चांगलं आहे. पण सुशोभीकरणाच्या मागून कुंपण येतं, कुंपणाच्या मागून फाटक, फाटकाच्या मागून खिडकी. ती यायच्या आधी महापालिकेच्या दारात जाऊन विचारा. खिडकी आल्यावर विचाराल तर दहा वर्षं कोर्टात जातील.

पळस्प्याच्या नाक्यावर सोनबा येलवे नावाचा म्हातारा पाण्याचा माठ भरून बाबासाहेबांची वाट बघत बसायचा, असं आपल्याकडची जुनी माणसं सांगतात. एकदा बाबासाहेब त्या रस्त्याने तहानलेले गेले, कुणी पाणी दिलं नाही, म्हणून. वर्षानुवर्षं तो माठ भरत राहिला, मरेपर्यंत. त्याच्याकडे जमीन नव्हती, खातं नव्हतं, निधी नव्हता. सार्वजनिक सोय कशी चालवायची हे त्याने कुणाला न विचारता दाखवलं. माठावर दरफलक नव्हता.

आणि त्या बापाचं काय? पुढल्या रविवारी आम्ही त्याच्याबरोबर जाणार आहोत. त्याची पोरं, आमची पोरं, शेजारच्या पाड्यावरची पोरं, सगळी. खिडकीत वर्गणीचे पैसे भरू, पावती घेऊ आणि पावतीबरोबरच हिशेब मागणारा अर्ज देऊ. पोरांना आत नेऊ. बापाने सांगितलेलं खोटं होतं हे त्यांना त्यांच्या डोळ्यांनी बघू दे. आत पुष्कळ काही आहे, आणि ते त्यांचं आहे.

जय भीम.